सिलतऱ्याहून रतनपूर, सिरपूर, सोनाखान: नागपूरकरांचा जुना मुलूख पाहताना

आजचा भाग फिरण्याचा आहे. डोंगर, जंगल, तळी, जुनी देवळं, सगळं यात येईल. पण आपण जिथे फिरायला जाणार आहोत तो मुलूख एके काळी मराठ्यांच्या ताब्यात होता, त्यामुळे नुसतं फिरून भागणार नाही. थोडा हिशेबही बघावा लागेल.

सुरुवात करू सिलतऱ्यापासून. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की साधारण पंधरा किलोमीटरवर सिलतरा येतं. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, रस्त्याच्या कडेला ट्रकांच्या रांगा, आणि सगळ्यावर बसलेली काळी धूळ. नव्या माणसाला इथे गाव दिसतच नाही. पण कारखान्यांच्या भिंतींमागे धरसींवा भागातली जुनी भातखाचरं आहेत, गावतळी आहेत. भिलाई, रायपूर, बिलासपूर या पट्ट्यात मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि विदर्भातून नोकरीसाठी नव्याने येणारेही असतात. दोन दिवस सुट्टी मिळाली की प्रश्न पडतो, जायचं कुठे? मराठी माणूस इथे पटकन एक नाव घेतो. रतनपूर. कारण विचारलं तर उत्तर येतं, "तिथे आपल्या भोसल्यांचं राज्य होतं ना!"

होतं, हे खरं. पण ते राज्य कसं होतं हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. नागपूरकर भोसले म्हटलं की आपल्याला बंगालवरच्या स्वाऱ्या आठवतात, कटकपर्यंत गेलेला झेंडा आठवतो. मधल्या वाटेवरचा छत्तीसगढ शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपतो. त्या ओळीत एकशे तेरा वर्षं दडलेली आहेत, १७४१ ते १८५४.

चला, रस्त्याला लागू.

सिलतऱ्याहून उत्तरेला धरसींवा, मग सिमगा, आणि पुढे नांदघाट. नांदघाटला आपण शिवनाथ नदी ओलांडतो. पुलावरून गाडी दोन मिनिटांत पार होते, पण ही साधीसुधी नदी नाही. मराठे येण्यापूर्वी इथे कलचुरी, म्हणजे हैहयवंशी राजांचं राज्य होतं. त्यांच्या दोन शाखा झाल्या, एक रतनपूरची आणि दुसरी रायपूरची. शिवनाथच्या उत्तरेला अठरा गढ रतनपूरकडे, दक्षिणेला अठरा गढ रायपूरकडे. अठरा आणि अठरा छत्तीस. छत्तीसगढ या नावाचा सर्वांत प्रचलित अर्थ हाच. म्हणजे सिलतरा रायपूरच्या अठरांच्या बाजूला, आणि पूल ओलांडला की आपण रतनपूरच्या अठरांत.

गढ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे राजगड, रायगड येतात. इथे तसं समजू नका. इथला गढ म्हणजे मुख्यतः गावांचा एक गट. एका गढात कागदोपत्री चौऱ्याऐंशी गावं, त्याखाली बारा-बारा गावांचे बरहों, आणि प्रत्येक गावाला एक गौंटिया. गढाचा दिवाण, बरहोंचा दाऊ, गावाचा गौंटिया अशी ही उतरंड. छत्तीसगढात आजही वजनदार माणसाला आदराने 'दाऊजी' म्हणतात, त्यात या व्यवस्थेची आठवण आहे. ही व्यवस्था सोन्यासारखी होती असं मी म्हणत नाही. राजे तेही राजेच होते. पण वरपासून खालपर्यंत सगळी माणसं तिथलीच होती आणि गोळा झालेलं धान्य बहुतेक तिथेच राहायचं. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

बिलासपूरच्या अलीकडे तीसेक किलोमीटरवर महामार्ग सोडून आत वळलात तर मनियारी नदीच्या काठी ताला आहे. तिथे देवरानी आणि जेठानी अशी दोन पडकी देवळं आहेत. धाकट्या जावेचं एक आणि थोरल्या जावेचं एक. नावं गावकऱ्यांनी ठेवलेली, आणि मला ती विद्वानांनी दिलेल्या कुठल्याही नावापेक्षा आवडतात. देवरानी मंदिरापाशी १९८०च्या दशकात सफाई करताना एक मूर्ती निघाली. सुमारे नऊ फूट उंच. तिला रुद्रशिव म्हणतात, पण तो कोण हे अजून कुणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. डोक्यावर सापांचं पागोटं, नाक आणि भुवया मिळून एक सरडा, मिशा म्हणजे दोन मासे, हनुवटीच्या जागी खेकडा, कानांच्या जागी मोर, खांद्यांवर मगरी. छातीवर, पोटावर, मांड्यांवर माणसांचे चेहरे. देवळं साधारण पाचव्या-सहाव्या शतकातली मानतात. दहा मिनिटांत फोटो काढून निघण्यासारखी ही जागा नाही. नदीकाठी झाडी आहे, बसायला सावली आहे. तासभर तरी ठेवा.

आता बिलासपूर ओलांडून पंचवीसेक किलोमीटर पुढे रतनपूर.

रतनपूर म्हणजे महामाया आणि तळी. अकराव्या शतकात पहिल्या रत्नदेवाने ही राजधानी वसवली. महामायेच्या देवळात नवरात्रात एवढी गर्दी असते की शांतपणे पाहायचं असेल तर ते दिवस सोडून जावं. गावात जिकडे जाल तिकडे तळं. जुना गजकिला आहे, त्याला खंदक आहे. जवळच खारंग नदीवरचं खुंटाघाट धरण आहे. पाण्याच्या कडेने चालायला, पक्षी पाहायला हिवाळ्याची सकाळ उत्तम.

आणि मग रामटेकरी. पायऱ्या चढून वर गेलं की राममंदिर लागतं. नागपूरकडच्या माणसाला रामटेकची आठवण झाल्याशिवाय राहत नाही, आणि ती बांधणाऱ्यालाही झाली असणारच. हे मंदिर बिंबाजी भोसल्यांचं. इथे उभं राहून खाली तळ्यांकडे पाहताना मराठी पाहुण्याचा ऊर भरून येतो. भरून येऊ दे. पण त्याच जागी उभं राहून १७४१ साल आठवू.

नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या दिशेने निघाला होता. वाटेत रतनपूर लागलं. गादीवर म्हातारा रघुनाथसिंह होता. त्याचा एकुलता मुलगा नुकताच वारला होता आणि राजाने राज्यकारभारातून मन काढून घेतलं होतं. त्याने लढाई अशी दिलीच नाही. बिलासपूरच्या जुन्या गॅझेटिअरात सांगितलं आहे की किल्ल्यावर तोफा डागल्या, वाड्याचा एक भाग ढासळला, तेव्हा एका राणीने बुरुजावर पांढरं निशाण चढवलं आणि दरवाजे उघडले. भास्कररामाने शहरावर एक लाख रुपयांचा दंड बसवला, खजिना घेतला, आणि तो पुढे बंगालकडे गेला. त्या बंगालात 'बर्गी' हा शब्द आया मुलांना भीती घालायला वापरू लागल्या. १७४४ साली अलीवर्दीखानाने तहाच्या बोलणीसाठी बोलावून भास्कररामाला मारलं. ही दुसरी गोष्ट आपल्याला शाळेत शिकवतात. पांढऱ्या निशाणाची शिकवत नाहीत.

पुढे काही वर्षं भोसल्यांच्या वतीने रघुनाथसिंह आणि मग मोहनसिंह गादीवर राहिले. १७५८ साली रघूजींचा मुलगा बिंबाजी स्वतः रतनपूरला आला आणि १७८७ साली मरेपर्यंत तिथेच राहिला. हा माणूस नीट समजून घेण्यासारखा आहे. सुरुवातीला त्याच्या माणसांनी वसुली कडक केली, पण तो तिथे राहिला. दरबार रतनपुरात भरवला, देऊळ बांधलं, कारभारात मोडी आली, मराठी आली. दसऱ्याला सोनं वाटण्याची चालही त्यानेच इकडे आणली असं छत्तीसगढच्या पुस्तकांत लिहितात. पोळ्याचंही श्रेय काही मराठी लोक भोसल्यांना देतात, ते मला पटत नाही. बैलांचा सण यायला फौज लागत नाही. छत्तीसगढात त्याला 'पोरा' म्हणतात, मुलं मातीचे बैल पळवतात, आणि तो भात पिकवणाऱ्या माणसाचा स्वतःचा सण आहे.

बिंबाजी गेला तेव्हा त्याची एक राणी, उमाबाई, सती गेली. रामटेकरीवर राममंदिराचं कौतुक करताना तीही आठवावी.

बिंबाजीनंतर चित्र बदललं. मुलूख व्यंकोजी भोसल्यांकडे गेला आणि व्यंकोजींना नागपूरचं राजकारण सोडवेना. ते या प्रांतात आले तेही मोजून तीनदा. कारभार सुभेदारांच्या हातात. महिपतराव दिनकर, विठ्ठलराव दिनकर, केशव गोविंद, अशी नावं एकामागून एक येतात, सगळी नागपूरहून नेमलेली. जो जास्त वसूल पाठवील त्याची सुभेदारी टिकायची. मुलखाशी संबंध वसुलीपुरता. १७९० साली विठ्ठलरावाने छत्तीस गढ मोडून परगणे पाडले. पुढे त्यांची संख्या सत्तावीस सांगतात. परगण्यावर कमाविसदार, हिशेबाला फडणीस आणि बरारपांडे, गावावर नवा पाटील. गढाचा दिवाण गेला, बरहोंचा दाऊ गेला. गौंटिया मात्र राहिला, कारण गावात जाऊन धान्य कोणाकडे आहे हे त्यालाच माहीत. पुढे इंग्रजांनी जमाबंदी केली तेव्हा त्यातलेच अनेक मालगुजार झाले.

करांची यादी ऐका. जमीनदारांकडून टकोली, वाटेने जाणाऱ्या मालावर सायर, दारूवर कलाली, किरकोळ वसुलीला सेवाई, आणि शेती न करणाऱ्यांवर पंढरी. हा शेवटचा शब्द कानाला गोड लागतो, पण विठोबाशी त्याचा संबंध नाही. आपण गावाच्या शेतजमिनीला काळी म्हणतो आणि घरं वसलेल्या जागेला पांढरी. पांढरीत राहणारा, शेत नसलेला, म्हणजे विणकर, तेली, कारागीर, दुकानदार. त्याच्यावरचा हा कर. आपल्या गावगाड्यातला शब्द छत्तीसगढात गेला तो पट्टी होऊन.

याचा परिणाम काय झाला हे पाहणारा एक साक्षीदार आहे. कॅप्टन ब्लंट नावाचा इंग्रज अधिकारी १७९५ साली चुनारहून दक्षिणेकडे वाट मोजत निघाला होता. रतनपूरचं नाव त्याने ऐकलं होतं, मोठं शहर दिसेल अशी त्याची अपेक्षा होती. त्याने लिहिलं ते असं, की दिसलं ते विस्कळीत पसरलेलं खेडं, हजारेक झोपड्या, त्यातल्या पुष्कळशा रिकाम्या. रायपुरात त्याने तीन हजार झोपड्या मोजल्या आणि व्यापाराच्या दृष्टीने त्याला पहिलं स्थान दिलं. इंग्रजांना आपला शत्रू वाईट दाखवायची हौस असायची हे मान्य. त्याच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. पण ब्लंट गेला तेव्हा बिंबाजीला जाऊन फक्त आठ वर्षं झाली होती. राजधानीतून दरबार उठला की शहर किती लवकर बसतं, याचं दुसरं स्पष्टीकरण देणं अवघड आहे. १८१८ नंतर काही वर्षं मुलूख इंग्रजांच्या देखरेखीखाली होता, तेव्हा कर्नल ॲग्न्यूने कारभार रतनपूरहून रायपूरला हलवला. १८३० ते १८५४ पुन्हा भोसले. तिसरे रघूजी वारस न ठेवता वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं.

आता जरा लांब जाऊ, थेट आयर्लंडला. कारण रामटेकरीवर मला जे चुकल्यासारखं वाटतं ते तिथल्या एका खेड्यात लोकांनी करून दाखवलं आहे.

आयर्लंडला गेलेली मराठी मंडळी डब्लिन पाहून ग्रामीण काउंटीत जातात. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. हिरवी कुरणं, पायवाटा, सायकली, आणि जुन्या जमीनदारांचे वाडे, त्यांच्या सुंदर बागा. रॉसकॉमन काउंटीत स्ट्रोक्सटाउन नावाचं गाव आहे. तिथेही असाच वाडा, भिंतींनी बंदिस्त केलेली मोठी बाग, फुलांचे लांबच लांब वाफे. पण त्याच वाड्याच्या तबेल्यांत १९९४ पासून दुष्काळाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. १८४५ पासून बटाट्याचं पीक बुडालं. कुळं खंड देईनात. जमीनदार मेजर डेनिस माहोन याने १८४७ साली १४९० माणसांना जमिनीवरून काढून कॅनडाच्या जहाजांवर चढवायला पाठवलं. ती माणसं कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत चालत गेली. बरीचशी समुद्रातच मेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात माहोनला गोळी घालून मारण्यात आलं. पुढे १९७९ साली गावातल्याच एका मोटार व्यावसायिकाने इस्टेट विकत घेतली, तेव्हा वाड्यात त्या काळचे कागद सापडले. कुळांचे अर्ज, हिशेब, सगळं. ते फेकून न देता त्याने संग्रहालय केलं. आज लोक बाग बघतात, मग तबेल्यात जाऊन ते अर्ज वाचतात. आणि ज्यांना चालायची आवड आहे ते स्ट्रोक्सटाउनहून डब्लिनपर्यंत तीच १६५ किलोमीटरची वाट चालतात.

छत्तीसगढ आणि आयर्लंड यांचा इतिहास एक नाही. भोसल्यांनी कुणाला जहाजांवर चढवलं नाही. माझा मुद्दा एवढाच, की तिथे बाग आणि अर्ज एकाच फाटकातून आत गेल्यावर दिसतात. रतनपुरात आपल्याला देऊळ दिसतं. टकोली आणि पंढरीचा हिशेब दिसत नाही. आणि तो हिशेब मोडीत आहे, मराठीत आहे. तो वाचून दाखवायचा झाला तर कुणी दाखवायचा? रतनपूरच्या माणसाने मोडी शिकावी अशी अपेक्षा करायची का?

रतनपूरची आणखी एक वस्तू रतनपुरात नाही. पहिल्या जाजल्लदेवाचा शिलालेख, कलचुरी संवत ८६६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. तो गेला नागपूरच्या संग्रहालयात, आपण ज्याला अजब बंगला म्हणतो तिथे. त्यात राजांची वंशावळ आहे, पराक्रम आहेत, आणि बागाही आहेत. पूर्वजांनी तुम्माण नगरी देवळांनी, फुलझाडांनी, आंब्यांनी कशी सजवली हे आहे. स्वतः जाजल्लाने आपल्या नावाने वसवलेल्या नगरात तपस्व्यांसाठी मठ, बाग, आमराई आणि तळं केल्याचं आहे. ते नगर म्हणजे आजचं जांजगीर असं मानतात. बागांचा एवढा अभिमान दगडात कोरून ठेवणारा लेख, आणि तो पाहायला रतनपूरकराने नागपूरला जायचं. या आणि अशा लेखांचं वाचन वासुदेव विष्णु मिराशी यांनी केलं. कोकणात जन्मलेला, नागपुरात शिकवणारा हा पंडित. कलचुरींच्या लेखांचे त्यांचे इंग्रजीतले दोन जाड ग्रंथ १९५५ साली निघाले आणि छत्तीसगढचा मध्ययुगीन इतिहास लिहिणाऱ्याला आजही तिथूनच सुरुवात करावी लागते. म्हणजे नागपूरहून या मुलखाकडे नुसते कमाविसदारच गेले असं नाही.

रतनपूरहून उत्तरेला, डोंगराळ भागात पेंड्रा आहे. हवा थंड, साल वृक्षांचं जंगल. इथून जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक निघालं. काढणारे माधवराव सप्रे. जन्म दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा, शिक्षण बिलासपूर-रायपूरचं, घरची भाषा मराठी. पेंड्र्याच्या राजकुमाराला शिकवायची नोकरी करता करता त्यांनी मासिक काढलं. सोबत रामराव चिंचोलकर आणि रायपूरचे वामनराव लाखे, तेही मराठीच. मासिक तीन वर्षं चाललं, पण १९०१ साली त्यात सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही गोष्ट छापून आली. काही अभ्यासक तिला हिंदीतली पहिली लघुकथा मानतात. गोष्ट अशी, की जमीनदाराला आपलं आवार वाढवायचं असतं आणि आड येते एका विधवेची झोपडी. झोपडी जाते, आणि म्हातारी फक्त तिथली टोपलीभर माती मागायला येते. पुढे सप्र्यांनी दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत आणलं. ते आपल्याकडे अनुवादक म्हणून ओळखले जातात. छत्तीसगढात ते आपले म्हणून ओळखले जातात, आणि तेच मोठं.

आता दुसऱ्या सुट्टीचा बेत. सिलतऱ्याहून रायपूर, आणि तिथून पूर्वेला संबलपूरच्या महामार्गाने आरंगवरून महानदी ओलांडायची. आरंगला भांड देऊळ नावाचं जुनं जैन मंदिर आहे, दहा मिनिटं थांबा. नदीनंतर कुहरीच्या वळणावर डावीकडे आत गेलं की सिरपूर. रायपूरहून ऐंशीएक किलोमीटर. पावसाळ्यानंतर जा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात तिथल्या विटा तापतात आणि माणूसही.

सिरपूरचं लक्ष्मण मंदिर विटांचं आहे. सातव्या शतकातलं. बांधवून घेतलं वासटा राणीने, पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ. तिचा मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन तेव्हा राज्य करत होता. विटा इतक्या बारकाईने घासून, कोरून बसवल्या आहेत की जवळ गेल्याशिवाय दगड नाही हे कळत नाही. दाराची चौकट मात्र दगडी. वर शेषशायी विष्णू, बाजूला अवतार. चिनी यात्रेकरू ह्युएनत्सांग याच राजधानीत येऊन गेला असं बरेच अभ्यासक मानतात.

मराठी पाहुण्याने इथे आणखी एक नाव लक्षात ठेवावं. मोरेश्वर गंगाधर दीक्षित. सागर विद्यापीठातर्फे १९५३ पासून तीन-चार हंगाम त्यांनी इथे खोदलं. मातीच्या टेकाडाखालून दोन बौद्ध विहार निघाले. त्यातला मोठा आनंदप्रभ कुटी विहार. मधलं अंगण, भोवती भिक्षूंच्या खोल्या, आणि समोरच्या गाभाऱ्यात भूमिस्पर्श मुद्रेतला बुद्ध. तिथे मिळालेल्या शिलालेखात आनंदप्रभ नावाच्या भिक्षूने हा विहार बांधला आणि इथे राहणाऱ्या भिक्षूंच्या रोजच्या जेवणासाठी सत्र घालून दिलं असं आहे. भाताच्या मुलखात भात वाढण्याची सोय दगडावर लिहून ठेवली. विहाराच्या पायऱ्यांवर बसून हे वाचायचं म्हणजे मजा आहे. पुढे २००० च्या सुमारास अरुणकुमार शर्मांनी पुन्हा खोदकाम केलं, तेव्हा सुरंग टिला आणि बरंच काही वर आलं. ते पाहायला अर्धा दिवस वेगळा काढा.

सिरपूरच्या पुढे बारनवापाराचं अभयारण्य सुरू होतं. सुमारे २४५ चौरस किलोमीटर, साग, साल आणि बांबू. गवे दिसतात, अस्वलं दिसतात, नशीब असेल तर बिबट्या. पावसाळ्यात बंद असतं. जीपमधून फिरून लगेच परतू नका. याच जंगलाच्या बाजूला सोनाखान आहे.

सोनाखान ही बिंझवारांची छोटी जमीनदारी. इथल्या रामरायाने १८१८-१९ च्या सुमारास भोसले आणि इंग्रज दोघांनाही त्रास दिला होता. त्याचा मुलगा नारायणसिंह. १८५६ साली दुष्काळ पडला. भोसले जाऊन दोन वर्षं झाली होती, इंग्रजांची अमदानी होती. कसडोलच्या एका व्यापाऱ्याकडे धान्याची कोठारं भरलेली आणि भोवतालची माणसं उपाशी. मागून धान्य मिळेना तेव्हा नारायणसिंहाने कोठार उघडून ते लोकांना वाटलं. इंग्रजांनी त्याला चोरी-दरोड्याच्या आरोपाखाली पकडून रायपूरच्या तुरुंगात टाकलं. १८५७ साली तो तिथून निसटला, सोनाखानला परत गेला, लढला, पुन्हा पकडला गेला. १० डिसेंबर १८५७ ला रायपुरात त्याला फाशी दिलं. आज जिथे जयस्तंभ चौक आहे तिथे ते झालं असं रायपूरकर सांगतात.

कोठार उघडल्यावर नारायणसिंह लपला नव्हता. काय केलं आणि का केलं हे त्याने स्वतःच रायपूरच्या डेप्युटी कमिशनरला कळवलं होतं.